सहा तांबडी, पाच पांढरी

१

चैत्र उतरणीला लागला होता. सकाळचं ऊन हळदीच्या पाण्यासारखं पातळ पडलं होतं. अशा वेळी ताहेराच्या अंगणात डालगं उचललं गेलं. त्या पालथ्या टोपलीखालून अकरा पिलं बाहेर आली आणि ताहेरा-चंद्राबाईचं तीस वर्षांचं सख्यही त्यांच्याबरोबर निघून कुठंतरी चालतं झालं.

सहा पिलं तांबडी होती. पाच पांढरी.

चंद्राबाईनं ती दोनदा मोजली. आळीतल्या बायका कौतुकानं वाकल्या होत्या, त्या हळूहळू सरळ झाल्या.

“ही माजी न्हवंत,” चंद्राबाई म्हणाली.

“थट्टा करू नगा चंद्राक्का,” ताहेरा म्हणाली. “घ्या पदरात. ऊन लागंल त्यांना.”

“थट्टा कसली? माज्या कोंबड्या पांढऱ्या, कोंबडा पांढरा. पांढऱ्याच्या पोटी तांबडं कवा जल्मलं? एखादं असतं तर म्हनलं असतं, देवाची करनी. पर सहा?”

बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यात गेली. सगळ्यांचीच गेली. तिथं ताहेराची स्वतःची कोंबडी पंख फुगवून धुळीत बसली होती. विटेसारखी तांबडी.

आमच्या आळीची रीत सांगतो. कुणाची कोंबडी अंड्यांवर बसत नसेल, तर अंडी ताहेराकडं द्यायची. तिच्या हाताला यश होतं. पिलं निघाली की निम्मी तिची, निम्मी अंडीवालीची. मात्र पिलं सव्वा महिन्याची होईपर्यंत ताहेराशिवाय कुणी डालगं उचलायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत जसं परकं माणूस जात नाही, तसंच. दृष्ट लागते. त्यामुळं हे रंग त्या दिवसापर्यंत तिच्याखेरीज कुणीच पाहिले नव्हते.

आणि चंद्राबाईची अंडी साधी नव्हती. तिचा सिद्धू पलटणीत. दिवाळीच्या रजेवर येताना त्यानं छावणीजवळच्या फार्मावरून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या होत्या. अंग दुधासारखं, आणि गळ्यात काळी पोत घातल्यासारखी काळ्या पिसांची माळ. लेकाचा हात फिरलेली पाखरं ती. त्यांची बारा अंडी कोळशाची फुली मारून तिनं ताहेराच्या ओच्यात घातली होती. एक नासलं, अकरा फुटली.

“माजी अंडी इकलीस, न्हाईतर खाल्लीस,” चंद्राबाई म्हणाली, “आन तुज्या तांबडीची घातलीस.”

ताहेरानं चौकट धरली.

दिवस मावळायच्या आत तीन बायका येऊन आपापली अंडी तिच्या कोंबड्यांखालून काढून घेऊन गेल्या. ताहेरा दारात उभी राहून बघत होती. शेवटची बाई वळली तेव्हा ती म्हणाली, “सप्ता उटला की मी मिरजंला भावाकडं जाते. चोरीचं नाव घिऊन हितलं पानी मला गोड लागायचं न्हाई.”

सप्ता उठायला चार दिवस उरले होते.

२

त्या सालीही आमच्या मारुतीच्या देवळात आकारामबुवांची कीर्तनं होती. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती, नदीकाठानं पुन्हा ऊस उभा होता, आणि माणसांच्या तोंडी पुन्हा देवाचं नाव येऊ लागलं होतं. मी, ज्ञानू, त्यांच्या मागं टाळ धरायचो. बुवा एक चरण घेत आणि त्याच्याभोवती असे फिरत, जशी आई झोपलेल्या लेकराभोवती फिरते. पाय वाजू न देता. ऐकता ऐकता समोरचा मांडव, समया, माणसं सगळं विरघळायचं. उरायची ती एक वीणेची तार आणि तिच्यावर बसलेला आपला जीव.

त्या संध्याकाळी कीर्तन आटोपल्यावर बुवांनी वीणा खुंटीला लावली आणि विचारलं, “ज्ञानू, मांडवाभाईर लिंबाखाली एक माय बसती दर साली. हिरव्या लुगड्यातली. आज न्हवती.”

मी सगळं सांगितलं. ताहेरा कधी मांडवात आली नाही. पण बुवांचा एकही अभंग तिनं चुकवला नव्हता.

नानासो तिथंच लाह्या खात बसला होता. आळीच्या टोकाला राहायचा तो. हसून म्हणाला, “बुवा, तुमी माळकरी मानूस. तुमास्नी कोंबड्यांतलं काय कळतंय?”

बुवांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून बोट फिरवलं.

“कळतंय थोडं,” ते म्हणाले. “पिलं मला दावू नगा. रंग कळलं, पुरं झालं. आता मला मानसं दावा.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चंद्राबाईच्या सोप्यात बसलो. तिनं गूळपाणी ठेवलं. रागानं तिचे डोळे सुजले होते. राग होता की रडणं, कोण जाणे.

“आक्का, अंडी कवाची?” बुवांनी विचारलं.

“मी न्हवते हितं. पौषात कडेगावला गेले, लेकीच्या बाळंतपणाला. महिन्यानं आले. तवर कोंबड्यांचं समदं आमच्या ह्यास्नी बघाय सांगितलं हुतं. आले त्या दिशी पाटीत आठ-धा दिसांची ताजी अंडी हुती. त्यातली बारा गोल गोल निवडली.”

“गोल का?”

“आवं, टोकाच्या अंड्यातनं कोंबडा निगतोय, गोलातनं तलंग. मला तलंगा पायजे हुत्या.” तलंग म्हणजे पोरसवदा कोंबडी, उद्या अंडी देणारी. “बाराच्या बारा गोल. डोळ्याला लावून बघितलेली.”

बुवा मिशीत हसले. “नात कशी हाय?”

चंद्राबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. “जावयाचं तोंड, बुवा. नाक बी तेच, कपाळ बी तेच.”

“लेक बापावर गेली म्हंजी भाग्याची.”

“आसं म्हनत्यात खरं.”

“आन ताहेरा?”

मऊपणा गेला. “तिचं नाव काडू नगा. माज्या तीनी बाळंतपनांत माजं डोस्कं मांडीवर घिऊन बसलीय ती. म्हनून तर जास्त लागलं. परक्या बाईनं चोरलं असतं तर मी चार शिव्या दिऊन मोकळी झाले असते.”

बाहेर अंगणात पांढरा कोंबडा मान ताठ करून फिरत होता. काळी पोत उन्हात चमकत होती. ओसरीवर चंद्राबाईचा नवरा नाथाजी चऱ्हाट वळत बसला होता. गरीब गाय माणूस. बुवा त्याच्याशेजारी टेकले.

“कोंबडा गुनाचा दिसतोय, नाथाजी.”

“व्हय जी.”

“आक्का कडेगावला हुत्या तवा हितंच हुता?”

“हितंच की. जाईल कुटं?”

बुवा उठले. मी सहज नाथाजीच्या हाताकडं पाहिलं. चऱ्हाटाचा पीळ तो उलटा घालत होता, आणि आधीचं सगळं वळण उलगडत चाललं होतं.

४

ताहेराचं दार अर्धं लोटलेलं होतं. नवरा चांदसाहेब गेल्यापासून ती एकटीच. लेक शकिला सासरी. आत पत्र्याची ट्रंक भरून ठेवलेली दिसली.

तिनं बुवांना घोंगडी टाकली आणि एक डबा पुढं केला. त्यात अंड्यांची टरफलं होती. एकूण एक टरफलावर कोळशाची फुली.

“जपून ठिवली हुती. पर चंद्राक्का म्हनली, कोळशाची फुली कोन बी मारतंय. खरंच हाय की.”

“पिलं निगाली त्याच दिशी तांबडी दिसली असतील?”

“दिसली. काळजात धस्स झालं, बुवा. म्हनलं, बलवावं चंद्राक्काला, दावावं. पर सव्वा महिना व्हायचा हुता. रीत मोडली आन पिलं दगावली तर? मग वाटलं, तिला काय, पिलं जगल्याशी काम. हसंल, म्हनंल, देवानं रंग खेळला.” ती थांबली. “हसली न्हाई.”

“तुज्या तांबडीची पिलं कवा काडली हुतीस, माय?”

“गेल्या साली. तिची अंडी, नानासोच्या तांबड्या कोंबड्याची. आट निगाली. आटीच्या आट तांबडी. पाच कोंबडं, तीन तलंगा.”

“पाच कोंबडं, तीन तलंगा,” बुवा स्वतःशीच म्हणाले, एखादा चरण लक्षात ठेवावा तसे.

निघताना ताहेरा मागून म्हणाली, “बुवा, तुमी मला चोर न्हाई म्हनाल, गाव बी उद्या म्हनंल. मला गावाचं काय करायचंय? तिनं म्हनाय पायजे. तिनं न्हाई म्हनलं तर काल्याच्या दिशी दुपारी तीनच्या गाडीनं मी जानार.”

५

नानासोचा कोंबडा सरकारी योजनेतून मिळालेला, जातिवंत. गडद तांबडा, शेपटी काळी, अंगानं जड. नानासो त्याच्याबद्दल जावयाबद्दल बोलावं तसा बोलायचा.

“ह्यो चंद्राबाईच्या अंगनात जातोय का?” बुवांनी विचारलं.

“छ्या! त्यो पांढरा लय खवीस हाय. निवडुंगाच्या कुपाटीपलीकडं पाय टाकू देत न्हाई. दिवाळीत एकदा गेला, तर तुरा फोडून घिऊन आला.”

“मग कवाच गेला न्हाई?”

“मदी मातर गड्यानं मजा मारली, बरं का! माघात. दीस दीस तिकडंच. मी म्हनलं, दोगांचं सूत जमलं जनू. पर एक दिवस परत रगत गाळत घरी. तवापास्नं कुपाटीकडं बघत बी न्हाई.”

बुवा चालायचे थांबले. “विठ्ठल, विठ्ठल,” म्हणाले आणि नदीची वाट धरली.

नदीवर त्या वेळी वारा पडला होता. पाणी झोपेत श्वास घ्यावा तसं हलत होतं. पलीकडच्या मळ्यात कुणीतरी पाट फोडला होता, त्याचा आवाज इतक्या लांबून येत होता की तो आपल्याच कानात आहे असं वाटावं.

“नाथाजी म्हनतोय, पांढरा कोंबडा हितंच हुता,” बुवा म्हणाले. “नानासोचा कोंबडा म्हनतोय, न्हवता. आन ज्ञानू, कोंबड्याला खोटं बोलता येत न्हाई.”

“पर बुवा, येवढ्यानं ताहेराबीची सुटका कशी? तांबडा आला आसंल. म्हनून तिनं अंडी बदलली न्हाईत हे कसं ठरंल?”

त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि बोटांमधून गळू दिलं.

“पलटनीत असताना कर्नलसाहेबाच्या बाईंचं कोंबडीखानं माज्याकडं हुतं. अशीच तांबडी आन अशीच पोतवाली पांढरी. पिलं निगाली की त्याच दिशी मी निवडायचा. एक रंग पाळायला, दुसरा रंग खानावळीला. पिलू उलटून बघायचं काम न्हाई. नुसता रंग. सात वर्सं, ज्ञानू. ही हिकडं, ती तिकडं. एक दिवस एक पिलू हातात घेतलं आन ते तळव्यावर झोपलं. इस्वासानं. मला त्याला कुठल्याच बाजूला ठेवता येईना. त्याच महिन्यात सुटून घरी आलो. माळ घातली.”



त्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बुवांनी नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. नाथाजी मात्र तिथून उठून तडक गेला आणि दुसऱ्या दिवशी कीर्तनाला आला नाही.

६

काल्याचं कीर्तन झालं. दहीलाह्या वाटून झाल्या. ऊन डोक्यावरून कललं होतं. बुवांनी बुक्का लावला आणि म्हणाले, “मंडळी, जरा बसा. ताहेरामायचं डालगं हितं आना.”

मी डालगं आणलं. ताहेरा आली नाही. ती घरी ट्रंकेवर बसून होती. नाथाजी सगळ्यांच्या मागं, खांबाच्या आडोशाला उभा होता.

“ही पिलं मी बघितली न्हाईत,” बुवा म्हणाले. “ज्ञानू साक्षी हाय. न बघता सांगतो. तांबडी सहा हायत, त्या साही तलंगा. पांढरी पाच हायत, ते पाची कोंबडं. एक जरी इकडचं तिकडं निगालं, तर चंद्राक्का खरी आन मी खोटा. दगडाबाई, तुमी बघा.”

दगडाबाई म्हणजे आळीतली सगळ्यात म्हातारी बाई. सव्वा महिन्याचं पिलू तिच्या हाताला फसवू शकत नव्हतं. तिनं पहिलं तांबडं उचललं. तुरा चाचपला, पायाचं हाड दोन बोटांत धरलं, शेपटी पाहिली.

“तलंग.”

दुसरं. “तलंग.” तिसरं. “तलंगच.”

बायका पुढं सरकल्या. चौथं. पाचवं. सहाव्याला ती थबकली, उजेडात धरलं.

“तलंग हाय गं बाई!”

मग पांढरी. तुरे लालसर व्हायला लागलेले, पाय दांडगे. कोंबडा. कोंबडा. पाचीच्या पाची कोंबडे.

“गोल अंडी निवडून पाच कोंबडं?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. चंद्राबाई हसली नाही.

“अंड्याच्या आकारावर काय नसतंय, आक्का,” बुवा म्हणाले. “बाप तांबडा आन आई ही पोतवाली पांढरी, ह्या जोडीत देवानं गंमत केलीय. लेकी बापाचा रंग घेत्यात, ल्योक आईचा. अंड्यातनं निगतानाच. तुमची नात बापावर गेली, तशा ह्या साही जनी बापावर गेल्या. उलटी जोडी लावली, बाप पांढरा आन आई तांबडी, तर समदीच पांढरी निगतील. आता ताहेरामायनं आपल्या तांबडीची अंडी घातली असती, तर तांबड्या पिलांत कोंबडं बी आलं असतं. गेल्या साली तिच्या आटांत पाच आलं. ह्या सहांत एक बी न्हाई. आन पांढऱ्यांत तुमच्या कोंबड्याची अस्सल पिलं असती, तर त्यांत तलंगा आल्या असत्या. एक बी न्हाई. म्हंजी अकराच्या अकरा तुमच्याच कोंबड्यांची लेकरं. त्या मायनं तुमचं एक अंडं बी हलवलं न्हाई.”

चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती म्हणाली, “मग तांबडा बाप आला कुटनं? आमचा पांढरा त्याला अंगनात पाय ठिवू देत न्हाई.”

“पांढरा घरात असला तर न्हाई देत.”

“मग कुटं हुता त्यो?”

“ते मी सांगायचं न्हाई,” बुवा म्हणाले. “माजं काम एका मायचा हात स्वच्छ हाय येवढं दावायचं. पुढचं ज्याचं त्यानं.”

आणि त्यांनी डोळे मिटले. वाऱ्यानं पताका हलत होत्या. मला वाटलं, आता काही होणार नाही, सगळे असेच उठून जातील.

“मी न्हेला हुता.”

नाथाजी खांबाआडून पुढं आला. पागोटं हातात.

“उंब्रजला. अंबूकडं. माजी भन. चार कोंबड्या हायत तिच्या, तेवड्यावर तिचं तेलमीठ. सिद्धूच्या कोंबड्याचं बेनं मागत हुती. हिनं थोरल्या लेकीच्या लग्नातल्या लुगड्यावरनं तिच्याशी बोलनं टाकलंय, बारा वर्सं. ही कडेगावला गेली, तिसऱ्या दिशी मी कोंबडा पिशवीत घातला आन एष्टीत बसलो. ही यायच्या आदल्या दिशी मागारी आनला.”

“आन डालगं उचललं तवा?” चंद्राबाईनं विचारलं. आवाज अगदी लहान होता.

“तवाच कळलं. नानासोचा तांबडा अंगनात हिंडताना मी बघितला हुता.” तो खाली बघत होता. “तुज्या भ्यानं गप बसलो. एका शब्दानं तिची अब्रू वाचली असती. बुवांनी मला काय दटावलं न्हाई. त्यांनी निस्तं इचारलं, तीनची गाडी गेल्यावर तुला झोप लागंल का, म्हनून.”

७

चंद्राबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, “घरी चला, मग बगते.” बायका खुदकन हसल्या, पण ती घराकडं वळली नाही. आळीच्या मधोमध भर उन्हात ती चालत निघाली आणि तिच्या मागं सगळी आळी.

ताहेरा ट्रंक दाराबाहेर काढत होती. गावंदरीवर गाडीचा हॉर्न ऐकू आला.

चंद्राबाई तिच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. अशी बाई ती, की आयुष्यात कुणापुढं चुकले म्हणाली नव्हती. तो शब्द तिच्या तोंडाला ठाऊकच नव्हता. डोक्यावरचा पदर घसरला, तिला कळलं नाही.

मग तिनं एकदम मान वाकवली आणि केस मागं सारले.

“धर.”

“काय धरू?”

“कान धर माजा. पोरीसोरींचा धरतीस तसा. समद्या आळीपुडं. जोरात पीळ. मी तुला चोर म्हनले.”

ताहेराचा हात वर आला. आम्ही सगळे बघत होतो. तो हात चंद्राबाईच्या कानापर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला, आणि मग कानावरून वर सरकला. तिनं घसरलेला पदर उचलला, नीट डोक्यावर घेतला, आणि कपाळावरची घामाची बट आत सारली.

“ऊन लय हाय,” ती म्हणाली. “आत या आदी.”

तीनची गाडी आळीसमोर आली, थांबली. कंडक्टरनं दारातून डोकं काढून विचारलं, “कोन हाय का मिरजंचं?”

कुणी हात वर केला नाही. त्यानं घंटी वाजवली.

बुवा देवळाच्या पायरीवरून ते बघत होते. त्यांनी वीणा खांद्यावर घेतली आणि तार जुळवू लागले. अजून कीर्तन उरलं होतं की काय, मला कळेना.